चार नंबरची रायफल

पट्टा आवळला की दहाव्या मिनिटाला दीपमाला ओव्हाळच्या डाव्या हाताची बोटं बधिर व्हायची. त्याचं तिला काही वाटत नसे. पालथं पडून पन्नास मीटरवर नेम धरणाऱ्या सगळ्यांचीच होतात. अंगात जाड कॅनव्हासचं जॅकेट, दंडाला घट्ट पट्टा, पट्ट्याचं दुसरं टोक रायफलीला अडकवलेलं, आणि तशाच अवस्थेत सव्वा तासात साठ गोळ्या. मध्ये उठायची सोय नाही. उठलं की जमलेला पवित्रा मोडतो आणि तसाच्या तसा पुन्हा जमत नाही.

२००३ सालचा एप्रिल होता. बालेवाडीच्या रेंजवर त्या रविवारी सकाळी तिच्या पहिल्या वीस गोळ्या सुरेख गेल्या. एकविसावी सुटली आणि तिनं शेजारच्या दुर्बिणीला डोळा लावला. निशाण्याच्या कार्डावरचं भोक डावीकडे पडलं होतं, थोडं वर. घड्याळात दहाचा आकडा असतो तिथं. तिनं श्वास सोडला, पट्टा एक भोक घट्ट केला, पुन्हा नेम धरला. पुढच्या तीन ठीक गेल्या. चौथी परत तिथंच.

“आली का तुमची दहाची गाडी?” मागून आवाज आला.

रावसाहेब जगदाळे. लष्करातून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले, क्लबचे सेक्रेटरी, आणि गेली दोन वर्षं तिचे कोच. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. ते कधी ओरडत नसत. ओरडले असते तर बरं, असं दीपमालाला पुष्कळदा वाटे.

“सर, चाप स्वच्छ ओढला होता. मला कळतं ना.”

“तुला कळतं. गोळीला कळायला हवं.”

जॅकेटमध्ये घामाची धार पाठीवरून खाली उतरत होती आणि हात तिथवर पोचत नव्हता.

दीपमाला सव्वीस वर्षांची होती. बावधनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टर होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, त्या नोंदवायच्या, हे तिचं काम. कॉलेजात एनसीसीत असताना रायफल हाती आली आणि सुटली नाही. आता तीन आठवड्यांवर राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. तिघींची निवड व्हायची होती. सहाशेपैकी पाचशे पंच्याऐंशी पडले तर निवड नक्की, असा सगळ्यांचा अंदाज. सरावात तिची मजल पाचशे ब्याऐंशी-त्र्याऐंशीपर्यंतच जाई, कारण मध्येच ती दहाची गाडी येई. कधी तीन वेळा, कधी पाच वेळा.

दुसरी रायफल मिळणं शक्य नव्हतं. क्लबकडे पाच होत्या, पाचही वाटून दिलेल्या. तिच्या वाट्याला चार नंबरची आली होती, जुनी जर्मन, लाकडी दस्त्याची. स्वतःची मागवावी तर कायदा आडवा येई. बाजारात आता सगळं परदेशी मिळत होतं, शाम्पूपासून मोटारीपर्यंत. पण रायफल बाहेरून आणायची परवानगी ठराविक गुण मिळवलेल्या नेमबाजालाच होती. चांगली रायफल नसल्यामुळे गुण पडत नव्हते आणि गुण पडत नसल्यामुळे चांगली रायफल मिळत नव्हती. ऑफिसात हे सांगितलं की लोक हसायचे. तिलाही आधी हसू यायचं.

त्या दिवशी साठ गोळ्या संपल्यावर तिनं धीर केला.

“सर, एकदा रायफल उघडून बघू या? दस्ता काढून?”

“का? आत भूत बसलंय?”

“कुठेतरी लाकूड नळीला टेकत असेल तर...”

“मी कागद घालून बघितलाय. नळीच्या खालून सरळ आरपार जातो.” रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “बारा वर्षांपूर्वी एका इंजिनिअर मेंबरनं असाच एका रायफलीचा स्क्रू सैल केला. ती परत कधी सरळ चालली नाही. त्या दिवसापासून नियम आहे. क्लबच्या रायफलीला स्क्रूड्रायव्हर लागणार नाही.”

“पण सर...”

“थांब. तुझं समाधान करतो.”

त्यांनी टेबल मागवलं. त्यावर वाळूच्या पिशव्या रचल्या, पिशव्यांवर चार नंबरची रायफल ठेवली आणि खुर्चीवर बसून दहा गोळ्या झाडल्या. कार्ड परत आलं. दहाही गोळ्या मधोमध, एकमेकींत मिसळून त्यांचं एकच फाटकं भोक झालेलं. ते कार्ड त्यांनी दीपमालाच्या हातात दिलं.

“रायफलीला मन नसतं, दीपमाला. तुला आहे. ते सांभाळ.”

ते हे तुसडेपणानं बोलले नव्हते. तेच जास्त लागलं. वाद घालायला जागाच उरली नाही. पुरावा तिच्याच हातात होता.

पुढच्या आठवड्यात ती ऑफिसात बसे आणि स्क्रीनवरच्या ओळी डोळ्यांसमोरून नुसत्या जात. आपल्यात काहीतरी कच्चं आहे, हे तिला आता पटायला लागलं होतं. बारावीच्या परीक्षेत आपण गणिताचा शेवटचा प्रश्न सोडला तो घाबरूनच, असं तिला आठवलं. मुलाखतीत आवाज कापला होता, तेही आठवलं. एकदा शोधायला लागल्यावर अशा गोष्टी सापडतच गेल्या. सरावाला गेली तरी विसाव्या गोळीनंतर ती त्या चुकीच्या गोळीची वाटच पाहत राही. ती यायच्या आधीच नेम अगदी केसभर उजवीकडे धरायची सवय तिला केव्हा लागली, हे तिचं तिलाही कळलं नाही.

तिचे वडील दशरथ ओव्हाळ, घरातले अण्णा, वारज्याच्या घरी दिवसभर रेडिओ ऐकत. एका शस्त्रांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. त्यांचं काम एकच होतं, रायफलीच्या नळ्या सरळ करणं. नळी उजेडाकडे धरायची, आतून पाहायचं. आत सावलीची रेघ पडते, ती जिथं वाकडी दिसेल तिथं नळी वाकडी. मग ठोका देऊन ती सरळ करायची. कारखान्यात हे काम नीट येणारे चारच जण होते. १९९९ साली मशीन आलं. एका तरुण साहेबानं त्यांना सांगितलं, “काका, तुमच्या डोळ्यांचं काम आता हे करणार. तुम्ही आराम करा.” स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करून ते घरी आले. तोवर उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झालाच होता. मुलगी रायफल चालवते हे त्यांना कधी आवडलं नाही. तिच्या रेंजवर ते एकदाही गेले नव्हते, आणि घरात तो विषय निघाला की उठून रेडिओचा आवाज वाढवत.

शनिवारी सकाळी ते तिच्या टेबलावर चष्म्याचं घर शोधत होते, तेव्हा कार्डांचा गठ्ठा त्यांच्या हाती लागला. दीपमाला आंघोळ करून बाहेर आली तर अण्णा खिडकीशी बसले होते. मांडीवर कार्डं मांडलेली, आणि डाव्या डोळ्याजवळ धरून ते एकेक न्याहाळत होते.

“ही तुझी?”

“हो.”

“आणि हे एका भोकाचं?”

“ते सरांचं. राहू द्या अण्णा. रायफल चांगली आहे. मीच कमी पडते.”

“कोण म्हणतं?”

तिनं सांगितलं. सगळंच सांगितलं, आठवडाभराचं साचलेलं बाहेर आलं. अण्णा ऐकत होते, पण कार्डांवरून नजर हलवत नव्हते.

“माणूस घाबरला की गोळ्या चारी दिशांना जातात,” शेवटी ते म्हणाले. “या सगळ्या एकाच बाजूला कशा? भीतीला दिशा असते का?”

दीपमालानं शेजारी बसून एक कार्ड उचललं.

“साहेबांनी मारताना पट्टा लावला होता?”

“नाही. वाळूच्या पिशवीवर ठेवून मारल्या.”

“हं.”

त्यांनी कार्डं नीट एकावर एक लावली. दीपमालाला वाटलं, आता उठून रेडिओ लावतील. ते उठले, पण खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला.

“चल. बस किती वाजता आहे?”

रेंजवर पोचले तेव्हा अकरा वाजले होते. रावसाहेब ऑफिसच्या दारात पेपर वाचत बसले होते. दशरथनी हात जोडले.

“साहेब, मी हिचा बाप. कारखान्यात नळीवर होतो. आपली परवानगी असेल तर एक गोष्ट बघायची आहे. स्क्रूला हात लावणार नाही.”

“मग काय करणार? मंत्र मारणार?”

“ऐकणार.”

रावसाहेबांनी पेपरची घडी घातली. उत्सुकतेनं की कंटाळून, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. रायफल रिकामी असल्याची त्यांनी स्वतः खात्री केली, बोल्ट काढून खिशात ठेवला आणि दीपमालाला मान हलवून खूण केली.

ती जॅकेट घालून लेनमध्ये पालथी पडली. पट्टा अजून सैलच होता. अण्णा तिच्या शेजारी गुडघे टेकून बसले. त्यांनी खिशातलं बसचं तिकीट काढलं आणि त्याचा पातळ कागद नळी आणि लाकूड यांच्या फटीत सरकवला. कागद सुळकन मागेपर्यंत गेला.

“मी हेच केलं होतं,” रावसाहेब म्हणाले.

अण्णांनी मग अंगठ्याच्या नखानं नळीवर टिचकी मारली. टण्ण असा बारीक आवाज आला आणि क्षणभर घुमत राहिला.

“ऐकलंत साहेब? मोकळी आहे.” ते मुलीकडे वळले. “आता पट्टा आवळ. स्पर्धेत आवळतेस तितका. विसाव्या गोळीनंतर आवळतेस तितका.”

दीपमालानं पट्टा दोन भोकं घट्ट केला आणि रायफल खांद्याला दाबली. दंडात कळ आली. अण्णांनी पुन्हा टिचकी मारली.

टक. आवाज तिथल्या तिथं मेला.

अण्णांनी तिकीट ओढून पाहिलं. ते उजव्या बाजूला अडकलं होतं. आणखी ओढल्यावर टर्रकन फाटलं.

रावसाहेब पुढे आले, खाली वाकले आणि स्वतःच्या नखानं नळीवर टिचकी मारली. टक. “सैल कर,” ते म्हणाले. दीपमालानं पट्टा सोडला. टण्ण. “आवळ.” टक. असं त्यांनी पाच वेळा केलं.

“गोळी सुटते तेव्हा नळी थरथरते,” दशरथ हळू आवाजात म्हणाले. “डोळ्याला दिसत नाही, पण थरथरतेच. त्यात काही वाईट नाही. दर वेळी सारखीच थरथरली की गोळी दर वेळी त्याच जागी जाते. पण कुठं टेकली तर ते थरथरणंच बदलतं. शाळेच्या घंटेवर टोल देताना कुणी मधेच हात ठेवला तर कसं होतं, तसं. पट्ट्यानं लाकूड डावीकडं ओढलं जातंय, म्हणून उजवी कड नळीला लागतेय. पिशवीवर ठेवली तर ओढणार कोण? आपली परीक्षा खरी होती, साहेब. पण ती रायफल एकटी असतानाची झाली.”

रावसाहेब उठले आणि आत गेले. ते चिडून गेले असं दीपमालाला वाटलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

दस्ता उघडला तेव्हा आतल्या खाचेच्या उजव्या भिंतीवर नखाएवढा चकचकीत काळा डाग सापडला. तिथं लाकूड घासून घासून गुळगुळीत झालं होतं. अण्णांनी एका गोल पेनाला पॉलिशपेपर गुंडाळला आणि डाव्या डोळ्याजवळ दस्ता धरून ती जागा घासायला घेतली. दोन-चार वेळा घासायचं, फुंकर मारायची, बोट फिरवायचं. दस्त्याचं दुसरं टोक रावसाहेबांनी धरलं होतं. पाऊण तास दोघं समोरासमोर बसून होते. रायफल पुन्हा जोडली, पट्टा आवळला, टिचकी मारली. टण्ण.

दुरुस्तीची नोंद करायला रावसाहेबांनी रजिस्टर उघडलं. चार नंबरच्या रायफलीची पानं काढताना ते मध्येच एका पानावर थांबले. दीपमाला टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिला उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. ‘अपेक्षा धुमाळ, १९९८ ते २०००. गोळ्या डावीकडे वर. ताण झेपत नाही. स्पर्धात्मक नेमबाजीस योग्य नाही.’ खाली रावसाहेबांची सही.

“ही कोण, सर?”

“होती एक.” त्यांनी पान उलटलं. “सोडून गेली.”

“का?”

“मी सांगितलं म्हणून.”

निवड चाचणीच्या दिवशी दीपमालाला वाटलं होतं, आता सगळं मोकळं होईल. रायफल बरी झाली होती. मधल्या दोन आठवड्यांत सरावही चांगला झाला होता. पण लेनमध्ये पडल्यावर, मागं पंचांच्या पावलांचा आवाज ऐकू आल्यावर, तिचं शरीर जुन्याच सवयीनं वागलं. पहिली गोळी आठच्या वर्तुळात गेली, उजवीकडे. दुसरी नवात, उजवीकडे. नेम बरोबर धरलाय असं तिला वाटत होतं, आणि हात मात्र केसभर उजवीकडे सरकत होता, कधीच न येणाऱ्या चुकीची भरपाई करत. रायफल मोकळी झाली होती, दीपमाला अडकलेलीच होती.

उठता येत नव्हतं. मागे वळून पाहता येत नव्हतं. बोटं बधिर व्हायला लागली. पहिल्या दहा गोळ्यांचे ब्याण्णव झाले. तिनं कपाळ दस्त्यावर टेकवलं आणि तशीच चार मिनिटं पडून राहिली. चाचणीत चार मिनिटं म्हणजे फार. मग तिनं ठरवलं, डोळा सांगेल तिथंच चाप ओढायचा. गोळी कुठेही जावो. पुढच्या पन्नास गोळ्या तिनं अशाच मारल्या, दर गोळीला स्वतःच्या हाताशी भांडत. अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव.

एकूण पाचशे ब्याऐंशी. तिसरी आलेल्या मुलीचे पाचशे चौऱ्याऐंशी होते.

ती जॅकेटची बक्कलं सोडायला लागली. रावसाहेब जवळ आले. टोमणा येईल म्हणून ती थांबली.

“पहिल्या दहा माझ्या,” ते म्हणाले. “बाकीच्या पन्नास तुझ्या.”

त्यानंतरच्या गुरुवारी त्यांचा तिच्या ऑफिसात फोन आला. “रविवारी कात्रजला येतेस? मला एकट्याला तिथं दारात कुणी उभं करणार नाही.”

ते तिच्या स्कूटीवर मागे बसून आले, बॅग मांडीवर घेऊन. अपेक्षा धुमाळचं घर तळ्याच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर होतं. तिनंच दार उघडलं. पस्तिशीची, केस वर बांधलेले, हाताला कणीक. रावसाहेबांना पाहून तिच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं.

“सर? आपण?”

“दोन मिनिटं हवी आहेत. बसणार नाही.”

त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. पट्टा, लाकूड, काळा डाग, टिचकीचा आवाज. कुठेही स्वतःला सांभाळून घेतलं नाही. अपेक्षा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. कणीक तिच्या बोटांवर वाळत चालली होती.

“माझ्या वेळेपासून?” तिनं विचारलं.

“बहुतेक त्याच्याही आधीपासून.”

“मागच्या वर्षी शाळेत मला मुख्याध्यापिका करणार होते,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “मी नाही म्हटलं. मला ताण झेपत नाही म्हटलं. घरातही सगळे तसंच धरून चालतात. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी मला दवाखान्यात नेलं नाही. हिला झेपणार नाही म्हणाले. मीच सांगून ठेवलंय ना सगळ्यांना.”

रावसाहेबांची मान खाली गेली. “माझी चूक झाली, अपेक्षा.”

“हे लिहून द्या.”

दीपमालानं तिच्याकडे पाहिलं. अपेक्षा आत गेली आणि हात धुऊन आली. तिच्या हातात वही आणि पेन होतं. रावसाहेब जिन्याच्या कठड्यावर वही ठेवून लिहायला लागले. त्यांचं अक्षर रजिस्टरातल्यासारखंच सरळ होतं. लिहून झाल्यावर त्यांनी वही पुढे केली. तिनं सावकाश वाचलं.

“‘दोष कदाचित रायफलीचा असावा’,” तिनं मोठ्यानं म्हटलं. “‘कदाचित’ काढा, सर.”

त्यांनी तो शब्द खोडला.

“आणि ‘असावा’चं ‘होता’ करा.”

त्यांनी केलं, आणि खाली सही करून तारीख घातली. अपेक्षानं पान फाडून घेतलं, घडी न घालता हातातच धरलं. मग पहिल्यांदाच ती दीपमालाकडे वळली.

“आता तुझ्याकडे आहे ती?”

“हो.”

“चाचणीत किती पडले?”

“पाचशे ब्याऐंशी.”

“माझे पाचशे एकोणऐंशी होते,” अपेक्षा म्हणाली. “लाकूड टेकलेलं असताना.”